कालचं भरलेलं पाणी

नाना सोमवारी गेले. भडगावहून त्यांच्या मुलाचा फोन आला. मी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि हातातल्या बाटलीला झाकण लावलं. मग बाटली उलटी केली. आत बुडबुडा होता.

बुडबुडा दिसला की नाना ती बाटली बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "हवा आत गेली. हे पाणी आता दुसरंच झालं." ते रागावून म्हणत नसत. ओळखीच्या माणसाने घर बदललं, आता तो जुन्या पत्त्यावर भेटणार नाही, हे सांगावं तसा त्यांचा आवाज असे.

धुळ्यातल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं रसायनतज्ज्ञ होतो. ते मोठे, मी त्यांच्या हाताखालची. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत, म्हणून इथेही तेच म्हणते. चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे. माझं काही चुकलं की पोरी म्हणायचे. त्यामुळे पोरी ऐकलं की मी आधी परीक्षानळीकडे बघायची.

नमुना घ्यायची त्यांची रीत ठरलेली होती. बादली ओसंडू द्यायची, तिच्यात बाटली पूर्ण बुडवायची, आतली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं, झाकण पाण्याखालीच फिरवायचं. मग बाटली बाहेर काढून उलटी करायची आणि उजेडाकडे धरून बघायची. ही सवय हळूहळू सगळीकडे पसरली होती. चहाचा कप त्यांना काठोकाठ लागे. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणायचा, "नाना, मग बशी काय शोभेला देतो का मी?" लोणच्याची बरणीही ते तशीच दाबून भरत, आणि त्यांच्या घरचं लोणचं कधी बुरसलं नाही, हे काकू कौतुकाने आणि तक्रारीने, दोन्ही सुरांत सांगत.

तुम्ही म्हणाल, पाण्यात हवा गेली तर एवढं काय बिघडतं. आमच्या कामात पुष्कळ बिघडतं. लोखंडाचंच बघा. जमिनीच्या पोटात जिथे हवा पोचत नाही तिथे लोखंड पाण्यात विरघळून राहतं. तेव्हा त्याला रंग नसतो. बोअरचं पाणी वर येतं ते काचेसारखं स्वच्छ. मग त्याला हवा लागते, लोखंड आपलं रूप बदलतं, तांबूस होतं, कण धरतं आणि तळाशी बसतं. लोखंड तेवढंच असतं, पण पहिलं रूप डोळ्यांना दिसत नाही आणि दुसरं पाण्यात टिकत नाही. कुठलं रूप किती आहे हे कळायचं तर पाणी वर येतं तिथेच, हवेने आपलं काम करायच्या आत बघावं लागतं. बाटली गावाहून धुळ्याला येईपर्यंत आत जे घडायचं ते घडून गेलेलं असतं.

म्हणून नानांनी एक लाकडी पेटी करून घेतली होती. तिच्यात परीक्षानळ्या, दोन-तीन औषधांच्या बाटल्या आणि रंगांची पट्टी. एका नळीत पाणी जसं असेल तसं घ्यायचं आणि त्यात असं औषध घालायचं की जे पहिल्याच रूपातल्या लोखंडाशी केशरी रंग देतं. दुसऱ्या नळीत आधी सगळं लोखंड पहिल्या रूपात आणायचं आणि मग तेच औषध घालायचं. दुसरीतून पहिली वजा केली की गंजलेलं लोखंड किती ते उरतं. रंग वाचताना ते झाडाच्या सावलीत उभे राहत आणि मला विचारत, "किती केशरी?" मी आकडा सांगितला की त्यांचं समाधान होत नसे. "आकडा पट्टीवर आहेच. तुला कसा दिसतो ते सांग." मग मी सांगायची, जिलेबीसारखा, किंवा लोणच्यावर सुटलेल्या तेलासारखा. ते मान डोलवायचे आणि आकडा मांडायचे.

त्या पेटीत हिरड्याच्या पुडीची एक डबी असे. ती प्रयोगशाळेच्या सामानात कुठेच बसत नव्हती. मी सुरुवातीला समजत होते की नानांना पोटाचा त्रास आहे.

त्या डबीची गोष्ट सांगते, म्हणजे नाना तुम्हाला कळतील.

शिंदखेडा तालुक्यातल्या एका तापीकाठच्या गावाहून एक शेतकरी आबा आमच्याकडे पाणी घेऊन आले होते. धोतर, टोपी, आणि हातात सरबताची बाटली, तिला धुतलेल्या फडक्याचा बूच. घरच्या बोअरचं पाणी आहे, पिण्याजोगं आहे का तेवढं सांगा, म्हणाले. त्याहून जास्त काही बोलले नाहीत. नानांनी स्वतः तपासलं. पाणी स्वच्छ होतं, लोखंड नावापुरतं. पिण्यास योग्य, असा अहवाल गेला.

काही आठवड्यांनी आबा पुन्हा आले. या वेळी हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती. आभार मानून झाले, शेंगा टेबलावर ठेवून झाल्या, तरी ते उठेनात. नानांनी चहा मागवला. आबांनी कपात बराच वेळ पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "पानी चांगलं शे ना साहेब, मंग च्या काळा काब्रं व्हस?" चहा काळा का होतो, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरात नवी सून आली होती, जळगावची. मुलगा दीपनगरला कंत्राटी कामावर, आठवड्याने घरी येणारा. सून आल्यापासून घरातला चहा काळा होऊ लागला. दूध घातलं तर राखाडी. डाळीला रंग येईना, भाताला पिवळट झाक. सासूने आधी पातेलं बदललं, मग चहापत्ती बदलली. मग एक दिवस ती म्हणाली की आता बदलायचं एकच राहिलं. गल्लीत बायका बोलू लागल्या की तिच्या हाताला गुण नाही. आबांचा त्यावर विश्वास नव्हता, म्हणून ते बाटली घेऊन धुळ्याला आले होते. पण अहवाल गेला आणि उलटंच झालं. सासूने तो शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतला आणि देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगला. सरकार सांगतं पाणी चांगलं आहे, मग दोष कुणाचा ते उघडच झालं. सुनेला चुलीपासून दूर केलं होतं. पाणी मात्र अजून तीच भरायची, आणि चहा तरी काळाच, म्हणजे तिचा हात लागलेलं पाणीही बिघडतं, असं सासू म्हणू लागली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. सगळ्या लेकी आखाजीला माहेरी जातात तशी ही पण जळगावला जाणार होती. पण नंतर तिला आणायला कुणी जायचं नाही, असं सासूने ठरवलं होतं.

नानांनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आबा, बाटली भरली कशी?"

आबांचा चेहरा उजळला. या बाबतीत त्यांनी काही कसर ठेवली नव्हती. पाणी रात्रभर ठेवलं, सकाळी धोतराच्या पदरातून गाळलं, पुन्हा एकदा गाळलं, मग वरचं वरचं बाटलीत घेतलं. साहेबांच्या दारी गढूळ पाणी कसं न्यायचं, म्हणाले.

नानांनी डोळे मिटले. मी हसू दाबायला शेंगांच्या पिशवीकडे बघू लागले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा हसू राहिलं नाही.

आबा गेल्यावर ते खिडकीशी उभे राहिले. "माझं उत्तर बरोबर होतं, पोरी," ते म्हणाले. "पण ते त्या पाण्याचं नव्हतं." त्या दिवशी माझं काही चुकलेलं नसताना ते मला पोरी म्हणाले.

आबांचं गाव त्या आठवड्याच्या दौऱ्यात नव्हतं. नानांनी रजा टाकली आणि मला म्हणाले, तू नाही आलीस तरी चालेल. मी गेले. एसटीत ते पेटी मांडीवर घेऊन बसले, आणि कंडक्टरने ती वर ठेवायला सांगितली तेव्हा, हिला धक्का लागलेला चालत नाही, असं म्हणाले. कंडक्टरला वाटलं आत मूर्ती आहे. त्याने वाटेत दोनदा पेटीला नमस्कार केला.

घर स्वच्छ होतं. ओट्यावर सासू बसली होती, तिला सगळी गल्ली अक्का म्हणत होती. सून दाराआड. नानांनी अहवालाबद्दल एक शब्द काढला नाही. बोअर चालू करायला सांगितलं, पाणी बराच वेळ वाहू दिलं, बादली ओसंडली तेव्हा नळी भरली. औषध पडताच पाणी केशरी झालं. असा केशरी मी पट्टीवरही फारसा पाहिला नव्हता. नानांनी मला कसा दिसतो ते विचारलं नाही. पण केशरी रंगाचं त्या घराला काय? अक्का लांबून बघत होती आणि तिच्या नजरेत एवढंच होतं की साहेब लोक औषध घालतील तर पाणी कुठल्याही रंगाचं होईल.

तेव्हा नानांनी काचेचे ग्लास मागितले. घरात सगळी भांडी स्टीलची. सून आत गेली आणि रुखवतातला खोका घेऊन आली. तो तोवर उघडलेलाच नव्हता. नाना म्हणाले, प्रत्येकाने आपल्या हाताने एकेक ग्लास भरायचा, बोअरच्या धारेखाली. अक्काने भरला. आबांनी भरला. कुंपणापलीकडून बघणाऱ्या शेजारणीला बोलावलं, तिने भरला. मी भरला. सुनेने भरला. शेवटी नानांनी स्वतः भरला, अर्थात काठोकाठ. ग्लास ओट्यावर ओळीने ठेवले आणि प्रत्येकात हिरड्याची चिमूट टाकली. चहातला तुरटपणा हिरड्यातही असतो, आणि विरघळलेलं लोखंड भेटलं की तोच काळा पडतो. हिरडा सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो कुठल्या सरकारी बाटलीतला नव्हता.

"आता बसू द्या," नाना म्हणाले.

आम्ही सगळे ओट्यावर बसून राहिलो. पाणी आधी धुरकट झालं, मग वांग्याच्या सालीसारखं, मग शाईसारखं. सगळ्याच ग्लासांत. नाना आपला ग्लास उचलून उजेडाकडे धरून बघू लागले आणि खरोखर खट्टू झाल्यासारखे म्हणाले, "माझ्या हातचं सुद्धा काळंच झालं की."

शेजारीण म्हणाली, "साहेब, मंग तुमले बी माहेरले धाडनं पडी."

सगळे हसले. आबा टोपी काढून हसले. अक्काने पदर तोंडाशी नेला. ती हसत नव्हती. तिची नजर आपल्या ग्लासावर होती. मी तिच्या शेजारी बसले होते. मला वाटलं, आता नाना काय बोलतात त्यावर सगळं आहे. एखाद्याला चूक दाखवून देणं सोपं असतं. नंतर त्याच घरात त्या दोघींना राहायचं असतं.

नाना उठले आणि रांजणापाशी गेले. पाणी कधी भरता, त्यांनी अक्काला विचारलं. सून यायच्या आधी कधी भरत होतात?

अक्का बोलू लागली. आधी मोटर फक्त संध्याकाळी चालायची. ती संध्याकाळी हंड्याने पाणी आणून वरून धो धो रांजणात ओतायची. सकाळी वरचं वरचं घ्यायचं, तळाचं तांबडं गुरांना. असं तिच्या सासूपासून चाललं होतं. मग ही आली. हिच्या जळगावात नळ आला की आधीचं पाणी शिळं, ओतून द्यायचं, भांडं घासायचं, ताजं भरायचं. हिने पहिल्याच सकाळी रांजण उपडा केला. तळाचा तांबडा थर राखेने घासून काढला, सगळ्या गल्लीदेखत. आणि रोज तेच. आता वीज सकाळीही असते, ताज्या पाण्याला काय तोटा. एवढं सांगून ती थांबली आणि म्हणाली, "मनं पानी इले घान वाटनं."

दाराआडून सून म्हणाली, सासूबाईंचं पाणी घाण आहे असं तिला नव्हतं म्हणायचं. आई घरी करायची तसंच ती करत होती. ती रडत होती.

मला तेव्हा कळलं की चहा काळा व्हायच्या आधीच त्या घरात काहीतरी बिघडलं होतं. नानांना बहुधा ते आधीच कळलं असावं. ते रांजणाच्या काठावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "अक्का, पाण्यातलं लोखंड काढायला आम्ही टाक्या बांधतो. वरून पाणी ओततो, त्याला हवा लावतो, रात्रभर बसू देतो, वरचं निवळ घेतो. तुमच्या घरात ती टाकी तुमच्या सासूच्या वेळेपासून आहे. आणि ही पोर तुमच्या घरात घाण राहू नये म्हणून रोज घासत होती. दोघींचं बरोबर आहे. हे पाणीच असं आहे की त्याला ताजं चालत नाही." मग त्यांनी सांगितलं, आज संध्याकाळी भरा, वरून ओता, कापड बांधा, रात्री हलवू नका. सकाळी आम्ही चहाला येतो.

धुळ्याला परत आलो, सकाळी पुन्हा पहिल्या गाडीने गेलो. पाणी एका रात्रीत पुरेसं बसेल की नाही याची त्यांनाही खात्री नव्हती, हे मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं. ती पेटीच्या कडीशी चाळा करत होती.

गेलो तेव्हा रांजणाचं कापड तसंच बांधलेलं होतं. कुणी हात लावला नव्हता. नानांनी वरचं पाणी ओगराळ्याने अलगद घेतलं आणि ग्लासात हिरडा टाकला. बसलो. पाणी हिरड्याचं फिकट पिवळं राहिलं. आणखी बसलो. पिवळंच.

चूल पेटली होती. आबा चहाचं पातेलं घेऊन अक्काकडे वळले. अक्का म्हणाली, "च्या मनी सून करी."

सुनेने चहा केला. पत्ती टाकताना थोडी चुलीत पडली. कप समोर आले. चहा तांबूस होता, तुमच्याआमच्या घरी असतो तसा. सगळे नानांकडे बघत होते. त्यांनी बशीत ओतून एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर जास्त झाली."

आखाजीला सून जळगावला गेली. आबा नंतर स्वतः सांगायला आले की अक्काने आठवडाही भरू दिला नाही, मुलाला दीपनगरहून परस्पर जळगावला पाठवलं आणि तिला बोलावून घेतलं. त्या वेळीही आबांच्या हातात बाटली होती, बोअरची, तोंडापर्यंत भरलेली, भरतानाच हवा लागून आतलं पाणी तांबूस झालेलं. त्यांनी ती अभिमानाने टेबलावर ठेवली. "ह्या खेपले गाळं नही, साहेब."

नानांनी ती उलटी केली. बुडबुडा नव्हता. ती बाटली ते निवृत्त होईपर्यंत त्यांच्या खिडकीत होती.

पहिला अहवाल त्यांनी रद्द केला. नव्या अहवालाच्या छापील कागदावर लोखंडाला एकच रकाना होता. त्यात त्यांनी आडवी रेघ मारली आणि खाली हाताने लिहिलं, विरघळलेलं इतकं, बसलेलं इतकं. साहेबांनी विचारलं की छापील कागदात नसलेली ओळ कशाला. नाना म्हणाले, हा कागद कुणाच्या तरी घरात खिळ्याला लागतो. साहेबांनी सही केली. त्यानंतर लोखंडाचा प्रत्येक अहवाल नानांनी असाच दोन ओळींत दिला, आणि कुणी बाटली घेऊन आलं की आकड्याआधी त्याला विचारलं, भरली कशी.

निवृत्तीनंतर ते भडगावला गेले. मोतीबिंदू झाला होता. मी भेटायला गेले की अंगणात बसून ते मला रंग विचारत. गिरणा नदीचं पाणी आज कसं आहे, पळस फुलला का, किती केशरी. मी सांगायची. कप काठोकाठ भरून यायचा आणि ते बोट लावून बघायचे, भरला आहे ना.

नाना गेल्याचं मी त्या गावी कळवलं. आबा आता नाहीत. अक्का आहे. ती आणि सून, दोघी एसटीने भडगावला आल्या. सुतकाच्या घरात चूल पेटत नव्हती. शेजारच्या ओट्यावर भेटायला येणाऱ्यांसाठी चहा होत होता आणि करणाऱ्या बाई थकल्या होत्या. सून त्यांच्या जागी जाऊन बसली. पातेलं पुढे ओढलं आणि शेजारच्या बाईंना विचारलं, "हे पाणी कधीचं आहे?"

"कालचं भरलेलं."

"मग बरं," ती म्हणाली आणि तिने आधण ठेवलं.

त्या दुपारी अंगणात जेवढे लोक आले त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला. कोण आहे ही, असं नानांच्या मुलाने मला विचारलं. मी काही बोलायच्या आत अक्काने उत्तर दिलं, "मनी सून शे." तेवढ्याने त्याला काय कळलं असेल मला माहीत नाही. मी कप हातात घेतला. साखर जास्त होती.

सोमवारचा बुडबुड्याचा नमुना मी टाकून दिला होता. परत आल्यावर जाऊन नवा घेतला. आता आमच्याकडे यंत्र आहे. त्याला दिलेल्या बाटलीत आधीच आम्ल असतं, सगळं लोखंड विरघळून एकच होतं, आणि किती आहे ते यंत्र लगेच सांगतं. कसं आहे ते विचारायला अजून विहिरीवर जावं लागतं.

नाना नाहीत. पेटी माझ्या टेबलाखाली आहे. हिरड्याची डबी संपत आली होती, ती मी भरून ठेवली आहे.